धवलारणीचा घसा

रुक्मिणीचा आवाज सोमवारी बसला आणि नातीचं लग्न रविवारी होतं. बसायला त्याला वर्षभरात दुसरा आठवडा सापडला नाही का, हे तिला देवाला चांगलं खडसावून विचारायचं होतं. पण खडसावायलाच आवाज नव्हता.

खारी गावात रुक्मिणी म्हणजे धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर येतो आणि मंगलाष्टकं त्याच्याही नंतर. आधी धवलारीण मांडवात पाटावर बसते, देवांना नावानिशी हाका मारते, घरातल्या गेलेल्या माणसांना आवतण देते आणि नवरीला एका घरातून दुसऱ्या घरी जायची वाट गाण्यातून मोकळी करून देते. त्या गाण्याला धवला म्हणतात. आता गावाच्या चारी बाजूंनी इमारती आल्या, भातशेती गेली, मिठागरं गेली, रुक्मिणीच्या बैठ्या घरावर दुपार कलली की शेजारच्या टॉवरची सावली पडते. धवला तेवढा राहिला, कारण रुक्मिणी राहिली.

तिला माइक कधी लागला नाही. नवरा बाळाराम मिठागरावर असायचा तेव्हा ती ओट्यावरून जेवायला हाक मारायची आणि तो तिकडून चालायला लागायचा, असं गावात अजून सांगतात. बाळाराम म्हणतो, हाक ऐकू यायची म्हणून नव्हे, उशीर झाला तर काय ऐकावं लागेल ते ठाऊक होतं म्हणून. हाच आवाज ती दारात आडवी रिक्षा लावणाऱ्यावर, सडका बटाटा तळाला घालणाऱ्या भाजीवाल्यावर आणि टॉवरच्या खिडकीतून पिशवी भिरकावणाऱ्यांवरही वापरायची. गाणं आणि रागावणं ही तिची दोन कामं, आणि दोन्हींना घसा एकच.

चांदणीच्या लग्नात सगळं सगळ्यांनी ठरवलं होतं. जेवणासाठी हॉल तिच्या बापानं, धर्मेशनं ठरवला, साड्या आई समीक्षानं, डीजे चुलतभावांनी, फोटो जितेश नावाच्या फोटोग्राफरनं. पोरीनं स्वतः एकच गोष्ट मागितली होती. "धवले आजीच म्हणणार. दुसरं काय पण करा." नवरा मुलगा पराग चेण्याचा, त्याच्या घरच्यांनाही तिनं हे आधीच सांगून ठेवलं होतं.

त्याला कारण होतं. लहानपणी चांदणीला बारा महिने सर्दी. नाक गळतंय, छाती घरघरतेय, रात्ररात्र झोप नाही. रुक्मिणी तव्यावर खडं मीठ तडतडेपर्यंत भाजायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची आणि मग पोरीची छाती शेकायची. शेकताना काहीतरी गुणगुणायला हवं. अंगाई तिला एकही येत नव्हती. मग ती धवलेच म्हणायची, आणि नवरीचं नाव घ्यायची जागा आली की चांदणीचं नाव घालायची. त्यामुळे या पोरीचं लग्न वयाच्या दुसऱ्या वर्षापासून रोज लागत आलं होतं. आता खरं लागायचं होतं, आणि धवलारणीच्या गळ्यातून हवा बाहेर पडत होती.

सर्दी मिळाली तीही गाण्यामुळेच. आदल्या आठवड्यात नवघरच्या एका लग्नात तिच्या तोंडासमोर धुराचं मशीन लावलं होतं. नवरी ढगातून चालत येते असं दाखवायचं होतं म्हणे. नवरी आली ढगातून, आणि रुक्मिणी घरी आली शिंकत.

डॉक्टरनं घसा बघितला, छाती तपासली आणि अगदी साधं सांगितलं. "व्हायरल आहे, आपोआप जाईल. गरम पाणी प्या, वाफ घ्या, बरं वाटेल. पण आवाज हवा असेल तर औषध एकच. बोलायचं नाही. कुजबुजायचं पण नाही, त्यानं घसा जास्त खराब होतो."

रुक्मिणीनं मान हलवली. लग्नाच्या घरात, कामाला लागलेल्या चाळीस माणसांत, शनिवारपर्यंत तोंड उघडायचं नाही. तिच्या आयुष्यात इतकं महागडं औषध कोणी लिहून दिलं नव्हतं. पण चांदणीकडं बघून तिनं ते घ्यायचं ठरवलं.

चांदणीनं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून तो दाराला टांगला. 'आजीचा घसा बसलाय. कृपया बोलायला लावू नये.' त्या पुठ्ठ्यानं जो उच्छाद मांडला तो सांगून खरा वाटायचा नाही. येणारा प्रत्येक माणूस तो वाचायचा, आत यायचा, खुर्ची ओढायचा आणि विचारायचा, "घसा बसलाय? कधीपासून?"

बोटं दाखवून सांगावं तर, "काय खाल्लेलंत? थंड पाणी प्यायलात का? फ्रिजमधलं?"

मान हलवून नाही म्हणावं तर, "मग कशानं बसला हो?"

यावर मानेनं काय सांगणार, कपाळ?

पहिली आली सुगंधा. शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी, माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडचं. तिनं डब्यातून कुळथाचं कढण आणलं होतं, वर लसणीची फोडणी. "काकू, गरम गरम प्या. आमच्याकडं सर्दीला दुसरं काय देतच नाहीत. घाम सुटतो बघा." कढण चांगलं होतं. रुक्मिणीनं वाटीभर प्यायलं. तेवढ्यावर सुगंधा उठती तर तिचे उपकार झाले असते. ती समोर बसून राहिली आणि दर घोटाला विचारत राहिली. "मोकळं वाटतंय? छातीत? नाही? थोडं तरी?"

सुगंधा जायच्या आत ज्योत्स्नाबेन आल्या. त्यांचं कोपऱ्यावर फरसाणचं दुकान, आणि सुंठ, गूळ, तूप यांच्या गोळ्यांवर त्यांचा देवाइतकाच विश्वास. "मासी, ये सूंठ की गोली मुँह में रखो, चूसते रहो. रात को हल्दीवाला दूध. मेरी सासू पंचानवे की हो के गई, कभी डॉक्टर नहीं देखा."

सुगंधा म्हणाली, "दूध नको हं. दुधानं कफ होतो."

"हल्दी डालेंगे तो कुछ नहीं होता."

"तरी होतो. काकू, तुम्हीच सांगा, होतो की नाही?"

दोघी तिच्याकडं बघायला लागल्या. रुक्मिणीनं छताकडं बघितलं. मग सुगंधाचं मत पडलं की मध गरम पाण्यात घालू नये, ज्योत्स्नाबेनचं पडलं की कोमट चालतं, सुगंधाचं पडलं की केळं तर अजिबात देऊ नये, आणि केळं द्यायचा विषय कोणी काढलाच नव्हता. दोघींच्या मधोमध रुक्मिणी तोंडात सुंठेची गोळी धरून बसली. ती गोळी तिखट होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते बघून ज्योत्स्नाबेन समाधानानं म्हणाल्या, "देखो, असर हो रहा है."

समीक्षा सासूची सेवा करण्यात कसूर करणारी सून नव्हती. कसूर केली असती तर बरं झालं असतं. तिनं फोनवर व्हिडिओ बघून काढा केला. गवती चहा, तुळस, आलं, मिरी, दालचिनी, लवंग, ज्येष्ठमध, आणि व्हिडिओतली बाई 'चवीपुरता गूळ' म्हणाली ते नेमकं ऐकायचं राहिलं. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला. परसात अडुळशाचं एक झाड होतं, रुक्मिणीनं स्वतः लावलेलं. त्याची पानं आता येता-जाता कोणीही ओरबाडून काढ्यात टाकायला लागलं. गुरुवारपर्यंत झाडाचा खराटा झाला. रुक्मिणी खिडकीतून बघत होती आणि हात जोडून, हात नाचवून, बांगड्या वाजवून सांगत होती की झाड सोडा. समीक्षाला वाटलं त्या आणखी पानं मागतायत. तिनं उरलेलीही तोडली.

धर्मेशनं मेडिकलमधून वाफेचं मशीन आणलं. ते एकदा लावलं की घर्र करायचं आणि वायर तापायची. बाळारामला हे सगळं चोचले वाटत होते. उभा जन्म मिठागरात घालवलेला माणूस, त्याच्या लेखी मीठ सोडून जगात औषधच नाही. पायाला काटा लागला तर मीठ, दात दुखला तर मीठ, व्याह्यांशी बिनसलं तर जेवणात मीठ. तो तांब्या घेऊन समोर उभा राहायचा. "मिठाच्या गुलन्या कर. गरम पान्याच्या. मी सांगतंय ना."

ती गुळण्या करतच होती. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पण तो बघत नसताना केलेल्या गुळण्या तो धरायचा नाही.

आणि खरी गोम अशी की यात तिला कोणावर उलटताही येत नव्हतं, कारण ही खोड सगळ्यांना तिनंच लावली होती. गल्लीतल्या कोणत्याही पोराला शिंक आली की रुक्मिणी पुरचुंडी घेऊन दारात हजर. बाळंतिणीला ओवा, खोकल्याला अडुळसा, नाक चोंदलं तर तव्यावरच्या ओव्याचा वास. ज्योत्स्नाबेनच्या नातवाची छाती तिनंच शेकली होती, आणि शेकून झाल्यावर तासभर बसून विचारलंही होतं, मोकळं वाटतंय का. हे सगळं तिला आता आठवत होतं आणि त्यामुळे राग आणखी येत होता.

तरी ती बोलली नाही. मांडववाल्यानं बांबूंसाठी खड्डे खणताना पाण्याचा पाइप फोडला, ती बोलली नाही. धर्मेशच्या मेहुण्यानं लग्नपत्रिकेवर बाळारामचं नाव चुकीचं छापून आणलं, ती बोलली नाही. एका लांबच्या आत्येनं फोनवरून, आवाज गेलेल्या बाईला फोनवरून, कांद्याचा रस आणि मध कसा घ्यायचा ते सांगितलं आणि शेवटी "हॅलो, ऐकतेस ना?" असं दहादा विचारलं, तरी ती बोलली नाही. गिळायला राग जितका कडू लागतो तितका समीक्षाचा काढाही नव्हता.

पण डॉक्टर खरा ठरला. शुक्रवारी सकाळी न्हाणीघरात, दार लावून, नळ मोठा सोडून रुक्मिणीनं हळूच एक सूर लावून बघितला. आवाज होता. पातळ, सुताएवढा, पण होता. आणखी दोन दिवस राखला तर मांडवात पुरला असता. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघून तिघींनी तीन ठिकाणांहून विचारलं की कशानं बरं वाटलं, कढणानं, सुंठेनं की काढ्यानं. रुक्मिणीनं तिघींनाही मान हलवली. भांडणं लागली असती तर पुन्हा निवाडा तिच्याकडंच आला असता.

शनिवारी दुपारी हळदीची तयारी चालू असताना चांदणी तिच्या शेजारून गेली आणि जाताना तिचा हात रुक्मिणीच्या हाताला लागला. तो हात तापलेल्या तव्यासारखा होता. रुक्मिणीनं तिला धरून बसवलं, डोळे बघितले. लाल, पाणावलेले. नाक चोंदलेलं. आजीची सर्दी नातीकडं गेली होती, आणि एकटी गेली नव्हती, ताप घेऊन गेली होती.

चांदणी हळूच म्हणाली, "आजी, कोणाला सांगू नको. गोळी घेतलीय. आईनं महिनाभर जीव आटवलाय या हळदीसाठी. आजचा दिवस ढकलते."

म्हणजे आता यात पण गप्प बसायचं. रुक्मिणीला ते जमलं नाही. तिनं समीक्षाला गाठलं, चांदणीकडं बोट दाखवलं, मग कपाळाला हात लावला, मग अंग थरथरवून दाखवलं.

समीक्षा घाबरली. "आई, तुम्हाला ताप?" तिनं सासूच्या कपाळावर हात ठेवला. "नाही हो, गार आहे. थंडी वाजतेय का? थांबा."

रुक्मिणीनं जोरजोरात मान हलवली, पुन्हा चांदणीकडं बोट दाखवलं, पुन्हा कपाळ, पुन्हा छाती.

"तुमच्या छातीत भरलंय? तरी म्हटलं, दुपारचा काढा राहिला आज." आणि समीक्षा खरोखर काढा घेऊन आली. सुगंधानं वरून शाल टाकली. ज्योत्स्नाबेननं मुठीत दोन गोळ्या दिल्या. बाळाराम तांब्या घेऊन आला. रुक्मिणी शाल पांघरून, पेला धरून, मुठीत सुंठ घेऊन खुर्चीत बसली आणि तिला वाटलं की या सगळ्यांना एकेक करून खाडीत ढकलावं. लांबून चांदणी हात जोडून खुणावत होती, नको सांगू. मग ती थांबली. पोरीची हौस, पोरीच्या आईची हौस. होईल तासाभरात, असं तिनं मनाला सांगितलं.

हळद सुरू झाली. अंगणात डीजे लागला होता आणि त्याच्या ठोक्यानं घराचे पत्रे हलत होते. पाटावर पिवळी साडी नेसून चांदणी बसली. बायका एकेक करून येत, हळद लावत, फोटोला हसत आणि बाजूला होत. गालाला लावली, हाताला लावली, पायाला लावली. कपाळाला लावली तेव्हा कोणाच्या बोटाला तो ताप कळू नये? पण कोणाचं लक्ष बोटात नव्हतं, सगळ्यांचं कॅमेऱ्यात. चांदणी हसत होती. तिचं हसू कसं होतं ते फक्त रुक्मिणीला दिसत होतं.

हळद झाली की नवरीला तिथंच अंगणात न्हाऊ घालायचं. चार कोपऱ्यांना चार तांबे, मधे नवरी, आणि सवाष्णींनी वरून पाणी ओतायचं. पूर्वी पाणी चुलीवरून यायचं, वाफाळतं. या वेळी जितेश फोटोग्राफरनं पिंप आधीच भरून ठेवायला सांगितलं होतं, पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या पसरून. माघातली संध्याकाळ, टॉवरची सावली अंगणभर, वारा खाडीकडून. पहिला तांब्या ओतला तशी चांदणी आखडली. दुसरा ओतला तसे तिचे दात वाजायला लागले. बायका हसल्या. सगळ्याच नवऱ्या आखडतात.

चौथा तांब्या झाला तेव्हा जितेश कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "मॅडम, परत एकदा. पाणी चेहऱ्यावर नीट नाही आलं. वरून, स्लो मोशनमधे. उजेड जायच्या आत करून टाकू."

कोणीतरी पिंपात तांब्या बुडवला. चांदणीचे ओठ निळसर झाले होते. ती 'नको' म्हणाली, पण डीजेखाली ते तिचं तिलाही ऐकू गेलं नसेल.

रुक्मिणी उठली. शाल खुर्चीत पडली, काढ्याचा पेला कलंडला. हातवारे करायला गेली तर कोणी वळून बघेना. मग तिनं छातीत हवा भरली आणि सोमवारपासून जे काही राखून ठेवलं होतं ते सगळं एका दमात सोडलं.

"बंद कर तो भोंगा."

भोंगा बंद झाला. डीजेवाल्या पोराचा हात आपोआपच बटणावर गेला.

"पोर तापानं फनफनलीय, दिसत न्हाय कुनाला? आठवडाभर माज्या नरड्यात काढं वतताय. कढन वतताय, सुंठ कोंबताय. पोरीच्या कपालाला एकीनं तरी हात लावला काय? पानी न्हाय, फोटू न्हाय, काय न्हाय. माजी पोर आत चालली."

शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. 'चालली' मधला 'ली' ऐकू आलाच नाही. टॉवरच्या चौथ्या मजल्यापर्यंत खिडक्या उघडल्या होत्या. समीक्षानं तांब्या टाकला आणि लेकीच्या कपाळावर हात ठेवला, आणि तिथंच तिला रडू फुटलं.

आत चांदणीला कोरडी केली, दोन गोधड्या घातल्या, डॉक्टरला बोलावलं. त्यानं गोळी दिली, पाणी भरपूर पाजा म्हणाला, ताप चढला तर फोन करा म्हणाला. जाता जाता रुक्मिणीचा घसा बघितला आणि बॅग बंद केली. रुक्मिणीनं तवा चढवला. मीठ तडतडलं, पुरचुंडी बांधली, मनगटाला लावून बघितली. छाती शेकताना सवयीनं तिचे ओठ हलले. आवाज नव्हता. सुताएवढाही नव्हता.

चांदणीनं गोधडीतून बघितलं. "गेला ना, आजी?"

रुक्मिणीनं मान हलवली. तिला पोरीपुढं रडायचं नव्हतं, पण अर्ध्या आयुष्यात खारीतल्या प्रत्येक पोरीची वाट तिनं मोकळी करून दिली होती, परक्यांच्यासुद्धा, भांडलेल्यांच्यासुद्धा; आणि स्वतःच्या नातीच्या वेळी ती नुसती ओरडून मोकळी झाली होती. ते तिला सहन होत नव्हतं.

रविवारी सकाळी ताप उतरला होता. नाक मात्र पुरतं बंद, डोळे सुजलेले. मेकअपवालीनं आपल्याकडून जमेल तेवढं केलं. मांडवात पाट मांडला आणि सगळ्या बायका रुक्मिणीकडं बघायला लागल्या. ती पाटावर जाऊन बसली, कारण तिच्याशिवाय त्या पाटावर बसणार कोण.

तिची नणंद शेवंती इतकी वर्षं तिच्या मागं बसून ओळ झेलायची. ती घाबरतच म्हणाली, "वैनी, मी लावू सुरुवात?"

शेवंतीनं सुरुवात लावली ती इतक्या उंचावर की दुसऱ्या ओळीला तिला स्वतःलाच पोचता येईना. मग दुसरीनं खालून धरलं. तिसरी मधेच घुसली. एकीनं गावदेवीच्या आधी वरसाव्याच्या देवाला बोलावलं, दुसरी म्हणाली आधी गावदेवी. गाणं थांबलं, दोघींत तंटा झाला, गाणं पुन्हा सुरू झालं. औषधं सांगायच्या त्याच तऱ्हेनं त्या गात होत्या, प्रत्येकीचं वेगळं आणि प्रत्येकीचं खरं. रुक्मिणी पाटावर बोट आपटून ठेका देत होती, डोळे वटारत होती, हातानं 'खाली ये, खाली ये' सांगत होती. कोणी बघत नव्हतं. तिच्या सासऱ्यांना आवतण द्यायचं राहिलं. चुलतसासऱ्यांना दोनदा गेलं. आयुष्यात इतका वाईट धवला तिनं ऐकला नव्हता, आणि त्यात एक शब्द दुरुस्त करता येत नव्हता.

पण एक गोष्ट तिला कळली, तीही चिडूनच. या सगळ्यांना येत होतं. मोडकं, तुटकं, उलटंपालटं, पण येत होतं. मागं बसून कधीच्या ऐकत होत्या, आणि ती आपली समजत होती की सगळ्या जेवणाकडं डोळे लावून बसल्यात.

मग नवरीचं नाव घ्यायची जागा आली, आणि सगळ्या गप्प झाल्या. ही ओळ कोणी झेलायची नसते. ती धवलारीण एकटी म्हणते, नवरीजवळ वाकून, हळू आवाजात. त्यामुळे ती कोणाला येत नव्हती. शेवंतीनं वहिनीकडं बघितलं. रुक्मिणी वाकली, तोंड उघडलं, आणि नुसता वारा बाहेर आला. तिनं पुन्हा केलं. पुन्हा वारा.

भटजीनं घड्याळ बघितलं.

तेवढ्यात चांदणीनं नाक ओढलं आणि बसक्या, चोंदलेल्या आवाजात म्हणायला लागली.

*खारीचे घरची चांदनी गो,*
*चेन्याचे घरा चालली गो.*
*पाय तिचा उंबऱ्याभायेर,*
*जीव तिचा आत गो.*

एकही शब्द चुकला नाही. रोज रात्री छातीवर मीठ ठेवून शिकवलेलं कसं चुकेल? खारीत आजवर कुठल्याच नवरीनं आपला धवला आपण म्हटला नव्हता. ही रीत नव्हे, हे रुक्मिणीला तिथल्या तिथं सांगायचं होतं. सांगता आलं नाही, आणि डोळ्यांतलं पाणीही आवरलं नाही. मागच्या बायकांनी ओळ झेलली. ती ओळ झेलायची नसते, तरी झेलली.

पाठवणीच्या वेळी गाडीच्या दाराशी गर्दी झाली. पराग नवी टोपी सांभाळत आत बसला आणि त्याला शिंक आली. एक, मग लगेच दुसरी.

"सुंठ दो उसको," ज्योत्स्नाबेन म्हणाल्या. सुगंधा म्हणाली कढण डब्यात भरून देते. समीक्षा काढ्याची पुडी आणायला आत पळाली. बाळाराम म्हणाला, "जावईबापू, मिठाच्या गुलन्या." आणि रुक्मिणी, जिनं आठवडाभर या सगळ्यांना मनातल्या मनात खाडीत ढकललं होतं, तीही गर्दीतून पुढं घुसली, खिडकीत वाकली आणि बोलायला लागली. ओठ हलत होते. आवाज काही येत नव्हता. मागचे म्हणाले, काय पाहिजे त्यांना, पाणी द्या.

चांदणीनं खिडकीतून हात बाहेर काढून तिचा हात धरला.

"कळलं, आजी. आधी माझ्या मनगटाला लावून बघेन."

गाडी सुरू झाली.